सतराव्या वर्षाची दाढी

चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय परीक्षा दिलेली माणसं पुढे दोन प्रकारची होतात. काही जण चित्रकार होतात. बाकीचे "आमचं इंटरमिजिएट झालंय" असं आयुष्यभर सांगत फिरतात. मी दुसऱ्या प्रकारातला, त्यातही सी ग्रेडवाला. पण आमच्या दापोलीजवळच्या मुरुडात ग्रेड कोणी विचारत नाही. गणपतीच्या मखरावर एकदा मोर काढून दिला की माणूस कलावंत ठरतो. माझा मोर पाहून शेजारच्या काकूंनी "कोंबडा छान जमलाय हो" असं म्हटलं होतं, पण ते गावभर झालं नाही.

त्यामुळे जवळच्या एका कॉलेजला आवाराच्या भिंतीवर लोकसहभागातून चित्र काढून हवं होतं तेव्हा बोलावणं मलाच आलं. मी प्राचार्यांना वांद्र्याच्या एमटीएनएल इमारतीवरचे दादासाहेब फाळके सांगितले, चर्चगेट स्टेशनवरचे गांधीजी सांगितले. पहिलं चित्र २०१४ सालचं, दुसरं २०१७ सालचं आणि दोन्ही पट्टीच्या चित्रकारांनी काढलेली. यातला शेवटचा भाग मी सांगितला नाही.

विषय ठरवायला वेळ लागला नाही. स्त्रीशिक्षणासाठी झटलेल्या महर्षी धोंडो केशव कर्व्यांच्या मुरुडात भिंतीवर दुसरं कोण येणार? प्रसंगही मीच सुचवला. १८७५ साली सतरा वर्षांचे कर्वे परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्याला निघाले. पावसाचे दिवस, शंभराहून अधिक मैलांची वाट, वर सह्याद्री चढायचा, आणि सगळं पायी. तिथं पोचल्यावर साहेबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि "तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस" म्हणून परीक्षेलाच बसू दिलं नाही. कॉलेजच्या पोरांनी रोज पाहावं असं याहून चांगलं काय असणार! हजेरी भरत नाही म्हणून रडणाऱ्यांनी तर दोनदा पाहावं.

मी झोकात कच्चं चित्र केलं. डोक्यावर पागोटं, खांद्यावर वळकटी, पायाखाली चिखल आणि कोवळा चेहरा. ते घेऊन समितीपुढे गेलो.

समितीत कॉलेजचे लोक होते, गावचे होते, लॉजवाले होते, माजी विद्यार्थी होते. चित्र सगळ्यांनी पाहिलं. मग एक ज्येष्ठ म्हणाले, "छान आहे. पण हा कोण?"

"कर्वे."

"मग दाढी कुठाय?"

मी समजावलं की हे सतरा वर्षांचे कर्वे आहेत, दाढी पुढची आहे. त्यावर दुसरे म्हणाले, "अहो, पण लोकांनी ओळखायचं कसं? भारतरत्नाच्या फोटोत दाढी आहे, पोस्टाच्या तिकिटावर दाढी आहे, आणि आपल्याच गावात बिनदाढीचे?" ठराव मताला टाकला. दाढी बहुमताने मंजूर झाली.

एवढी पांढरीशुभ्र दाढी घेऊन कर्वे साताऱ्याला गेले असते तर वय कमी दिसतं म्हणून त्यांना परत पाठवायची कुठल्या साहेबाची छाती झाली असती? म्हणजे ज्या प्रसंगाचं चित्र काढायचं, तो प्रसंगच त्या दाढीने नाहीसा होत होता. हे मी समितीला सांगितलं. "तुम्ही फार खोलात जाता," असं समितीने मला सांगितलं.

त्यानंतर चित्रात गर्दी सुरू झाली. लॉजवाल्यांना डॉल्फिन हवे होते, कारण पर्यटक त्यासाठीच मुरुड-कर्द्याला येतात. निसर्गप्रेमींना कासव हवं होतं. देवस्थानवाल्यांना दुर्गादेवीचं देऊळ. कोणाला हापूस, कोणाला २०२०च्या निसर्ग वादळात आडव्या झालेल्या पोफळी. पोरांनी कडेने वारली मागितली. वारली चित्रं पालघरकडच्या आदिवासींची, जिव्या सोमा म्हशे यांना त्यासाठी पद्मश्री मिळालेली, पण महाराष्ट्रात कुठलीही सरकारी-निमसरकारी भिंत वारलीशिवाय सुटत नाही. एका लॉजवाल्यांनी तर कर्व्यांच्या वळकटीवर फोन नंबर टाकता येईल का, तेही चाचपून पाहिलं.

१८९३ साली कर्व्यांनी गोदूबाईंशी म्हणजे एका विधवेशी लग्न केलं म्हणून याच गावाने त्यांना वाळीत टाकलं होतं. त्यानंतर गावाचं कशावर एकमत झाल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. समितीतही झालं नाही. त्यामुळे सगळंच मंजूर झालं.

काम मे महिन्यात धरलं, कारण पोरांना सुट्टी आणि मला उत्साह. गावातले पाट्या रंगवणारे पेंटरदादा भिंत बघायला आले. बोटाने टोकरून म्हणाले, "काका, जांभ्याची भिंत आहे, समुद्राचा वारा समोरून. खार फुटलाय. आधीचा चुना खरवडा, प्रायमर मारा, वर बाहेरचा इमल्शन लावा. आणि दिवाळीनंतर करा. हा पाऊस काय ऐकायचा नाय." मी त्यांना सांगितलं, अजिंठ्याची चित्रं दीड-दोन हजार वर्षं टिकली आहेत. ते म्हणाले, "ती गुहेत आहेत." हा माणूस केवळ पाट्या रंगवतो, याला कलेतलं काय कळणार, असं मनाशी म्हणून मी डिस्टेंपर आणला. स्वस्त पडला.

कागदावर चौकटी आखायच्या, भिंतीवर तितक्याच, पण मोठ्या चौकटी मारायच्या आणि एकेक चौकट उतरवत जायची, ही रीत शंभर टक्के बिनचूक आहे. फक्त चौकटी मोजता आल्या पाहिजेत. कर्व्यांचा वरचा भाग मी परांचीवर चढून काढला आणि खालचा जमिनीवर उभा राहून. मधे कुठेतरी एक रांग दोनदा धरली गेली. परांची काढल्यावर कळलं की कर्व्यांचे पाय कमरेपासून निघून संपतच नाहीत. एक पोरगी हळूच म्हणाली, "काका, साताऱ्याला चालत जायचं तर असेच पाय हवेत." मी लगेच सांगितलं की मला तेच दाखवायचं होतं.

किल्ल्याचं काम बाहेरगावच्या एका विद्यार्थ्याकडे होतं. हर्णैचा सुवर्णदुर्ग काढ, असं त्याला सांगितलं होतं. त्याने मोबाइलवर "मुरुडचा किल्ला" शोधला आणि अतिशय देखणा जंजिरा काढला. रायगड जिल्ह्यातल्या मुरुडशी आमची गल्लत करण्याचा मान आजवर पर्यटकांचा होता. तो आता आमच्याच भिंतीकडे आला. लातूर जिल्ह्यातही एक मुरुड आहे, पण तिथं समुद्र नसल्यामुळे आम्ही वाचलो. खोडायला वेळ नव्हता, म्हणून खाली ठळक अक्षरांत "सुवर्णदुर्ग" लिहिलं. उद्घाटनाला कोणाच्या लक्षात आलं नाही. फक्त हर्णैच्या एक मासेवाल्या मावशी टोपली टेकवून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आमचा किल्ला कधी हलवलात?"

उद्घाटन दणक्यात झालं. भाषणात मी मेक्सिकोच्या दिएगो रिवेराचं नाव घेतलं. भिंती जनतेच्या असतात, हे त्याने जगाला दाखवलं, असं म्हणालो. टाळ्या पडल्या. पाठोपाठ वळीव पडला.

डिस्टेंपर पाण्यात कालवतात, त्यामुळे पाण्याशी त्याचं जुनं नातं असतं. आधी वळकटी गेली, मग पागोटं, मग हापूस आणि देऊळ. जूनचा पाऊस लागल्यावर कर्व्यांचा चेहराही ओघळला. दाढी तेवढी राहिली, कारण ती रंगवलीच नव्हती. तिथं खालचा जुना चुना मोकळा सोडला होता.

डॉल्फिन आणि कासव मात्र ठणठणीत होते. ते हर्णैच्या कोळ्यांच्या पोरांनी काढले होते. त्यांनी माझ्या रंगाला हातच लावला नाही. होड्या रंगवून उरलेला ऑइल पेंट घरून आणला आणि त्याआधी भिंतीचा तो कोपरा तारेच्या ब्रशने घासून घेतला. समुद्रात टिकणारा रंग कॉलेजच्या भिंतीवर का टिकणार नाही, एवढा साधा हिशेब त्यांनी केला. त्यांच्यातल्या एकानेही इंटरमिजिएट दिलेली नाही.

आता भिंतीवर दोन डॉल्फिन, एक कासव आणि त्यांच्या मधोमध एक पांढरी दाढी आहे. पर्यटक तिथं सेल्फी काढतात. समितीचं म्हणणं असं की दाढीमुळे कर्वे ओळखू येतात, म्हणजे त्यांचा ठराव बरोबर होता.

तुमच्या कॉलेजात असं काही ठरलं तर सांगतो. काम दिवाळीनंतर धरा. प्रायमरचे पैसे वाचवू नका. पाट्या रंगवणारा माणूस जे सांगेल ते लिहून घ्या. चित्रात काय असावं हे एकाच माणसाला ठरवू द्या आणि रंगवायला सगळं गाव बोलवा; आम्ही नेमकं उलट केलं. आणि तो एक माणूस इंटरमिजिएट झालोय म्हणू लागला, तर आधी ग्रेड विचारा.