किती एचपीचा?

हार्डवेअरच्या दुकानात जाऊन "सबमर्सिबल बनवतोय" असं कधीही सांगू नये. "किती एचपीचा? बोअर किती फूट?" दुकानदाराने हातातला पाना न ठेवता विचारलं. म्हटलं, पंप नाही हो. पाण्याखाली फिरणारं छोटंसं यंत्र. पुढे कॅमेरा, मागे पंखे. आमच्या आत्याच्या संगमेश्वरच्या विहिरीत तांब्याची कळशी पडली आहे, ती शोधायची. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "कळशी केवढ्याची?"

हा प्रश्न घरीही येऊन गेला होता.

पंखे जमले, कॅमेरा जमला. बॅटरी मिळाली जुन्या यूपीएसमधली, बारा व्होल्ट, सात एएच. घोडं अडलं ते तिच्या डब्यापाशी. कसला करायचा डबा?

पहिली नजर अर्थातच स्वयंपाकघरावर गेली. चारी बाजूंनी क्लिपा लागणारा प्लास्टिकचा डबा, ज्याने माझ्या ऑफिसच्या बॅगेत सहा वर्षं आमटीचा थेंब सांडू दिला नाही. पण आमटी आणि विहीर यांत फरक आहे. पाण्यात दर दहा मीटरला प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलोचा भार वाढतो. विहिरीला पाणी आठ मीटर. झाकण पंधरा बाय वीस, म्हणजे तीनशे चौरस सेंटिमीटर. भार झाला 240 किलो. थोडक्यात, माझे तिन्ही साडू जेवून उठल्यावर त्या झाकणावर उभे. सपाट झाकण आत वाकणार आणि गास्केट जागा सोडणार. गोल काहीतरी हवं.

मग कुकर! गोल, धातूचा, गास्केटसकट, शिवाय दाबाच्या कामाचा दांडगा अनुभव. मी तो हळूच खाली उतरवला तेव्हा लक्षात आलं, की आमचा कुकर आतल्या झाकणाचा. वाफ आतून झाकणाला कडेवर दाबते म्हणून तो घट्ट बसतो. पाण्यात दाब बाहेरून येणार, म्हणजे तेच झाकण आत ढकललं जाणार आणि कुकर विहिरीला "या, बसा" म्हणणार. बाहेरच्या झाकणाचा कुकर शेजारी आहे. पण मागच्या वर्षी नेलेली त्यांची शिडी अजून आमच्याकडेच आहे.

शेवटी सगळे शहाणे जिथे येतात तिथे आलो : पीव्हीसी पाइप. बॅटरी मोजली, रुंदी 65 मिलिमीटर, उंची 94. दोन्ही 110 च्या आत, म्हणून 110 चा पाइप कापून आणला. बॅटरी जाईना. तिरकी केली, उलटी केली, साबण लावला. मग सातवीतला पायथागोरस आठवला. चौकोनाचा कर्ण 114. शिवाय 110 हे माप पाइपच्या बाहेरचं; आतून तो आणखी कमी. कापलेला पाइप परत घेत नाहीत, ही पाटी मी याआधी कधी नीट वाचली नव्हती.

मध्ये ॲक्रिलिकचाही मोह झाला, आतली बॅटरी दिसते म्हणून. भोकं पाडून लॉकडाऊनमधल्या उरलेल्या सॅनिटायझरने पुसलं, तर भोकांभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा. ॲक्रिलिकला अल्कोहोल सोसत नाही. ॲल्युमिनिअमचा डबा उत्तम, पण लेथवाल्याने सांगितलेल्या पैशांत चार कळशा आल्या असत्या. भाचा टायटॅनियम म्हणाला. आपल्या मत्स्य 6000 चा गोल 80 मिलिमीटर जाड टायटॅनियमच्या मिश्रधातूचा आहे खरा, पण तो तीन माणसं घेऊन सहा हजार मीटर खाली जायला. आम्हाला आत्याच्या कळशीपर्यंत जायचं होतं.

160 चा पाइप आणला. एक टोक कायमचं बंद केलं, दुसऱ्याला ओ-रिंगचं झाकण. झाकण उघडतं ठेवणं भागच होतं, कारण असली बॅटरी जास्त चार्ज झाली तर हायड्रोजन सोडते आणि बंद पाइपात हायड्रोजन साठवणं हा छंद नव्हे. पण दर वेळी उघडलं की ओ-रिंगवर एक केस हमखास सापडे. एक केस पुरतो पाणी आत यायला. माझ्या डोक्यावर मोजकेच उरलेत. ते तिथेच कसे जातात कळत नाही.

टाकीत सोडलं, तर बुडेना! पाइप पाच लिटर पाणी बाजूला सारतो आणि बॅटरीसकट वजन साडेतीन किलो. पाणबुडीला वरवंटा बांधला. दुकानदार म्हणाला, "तेल भरून टाका की. बोअरच्या काही मोटरी तशाच येतात." तेव्हा मी हसलो. नंतर कळलं, अमेरिकेच्या 'अल्विन' पाणबुडीच्या बॅटऱ्या तेलाच्याच पेट्यांत ठेवलेल्या होत्या. आतबाहेर दाब सारखा, मग पेटी चेपणार कशी? त्याची माफी मागायची राहिली आहे.

हा सगळा लवाजमा घेऊन संगमेश्वरला पोचलो. आत्याने वरवंटा ओळखला, पण त्यावर बोलली नाही.

"अरे, तुझ्या त्या कॅमेऱ्याची वायर वरपर्यंत येतेच ना?"

"हो."

"मग बॅटरी कशाला खाली नेतोस? ठेव की काठावर."

"एवढ्या लांब वायरीत व्होल्टेज पडतं, आत्या."

"मग जाडी वायर आण."

आणली, अडीच एमएमची. बॅटरी काठावरच्या जांभ्यावर उघडीच ठेवली. कळशी दिसली, तळाच्या कपारीत उपडी. ती वर काढली आत्यानेच, गळ टाकून.

160 चा पाइप देणे आहे. एक टोक पक्कं बंद, झाकण ओ-रिंगसह. येताना वरवंटा आणू नये, तो इथे आहे.