रा. रा. ब्रिसलवर्म यांस अनावृत पत्र

रा. रा. ब्रिसलवर्म,
मुक्काम थोरल्या दगडाचं डावं भोक, हॉलमधली खाऱ्या पाण्याची टाकी, ठाणे (पश्चिम) यांस,

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपल्यावर खुनाचा आळ आला आहे. रविवारी सकाळी चिरंजीवांचा नारिंगी क्लाउनफिश वाळूवर मरून पडलेला आढळला आणि त्याच्या पोटाशी आपण सहकुटुंब ताव मारत होता. चिरंजीवांनी टॉर्च मारला, 'बॉबिट! बॉबिट!' म्हणून ओरडले आणि तिथल्या तिथे निकाल लागला. मी जिल्हा न्यायालयात शिरस्तेदार होतो. तारखा पडताना पाहण्यातच हयात गेली. पंचनामा, आरोपपत्र आणि शिक्षा चहा निवायच्या आत उरकलेली पहिल्यांदाच पाहिली.

आता आपले गुन्हे. आपण मेलेलं खाता. मासे टाकून देतात ते खाता. दगडांच्या फटीत सडत पडलेलं, पंपालाही ओढता न येणारं खाता. एवढी घाण निपटूनही आपण कधी बिल पाठवलं नाही, हे तर फारच संशयास्पद. चिरंजीवांची फिल्टर, स्किमर आणि चिलर ही यंत्रं बघा, प्रत्येकाचा आकडा विजेच्या बिलात येतो. एप्रिल-मेमध्ये माझ्या खोलीचा एसी बंद असतो, पण टाकीचं पाणी २६ अंशांवर जाऊ देत नाहीत.

हे बॉबिट प्रकरण काय, म्हणून मी माहिती काढली. इंग्लंडात कॉर्नवॉलमधल्या न्यूकी गावी मत्स्यालय आहे. तिथे २००९ साली प्रवाळ रात्रीतून अर्धे कातरलेले सापडायला लागले, एक टँग मासाही जखमी झाला. लोकांनी आमिषाला गळ लावून पाहिले, तर २० पौंडी दोरी तुटलेली. शेवटी एकेक दगड उचलला, तेव्हा चार फुटांचा बॉबिट नावाचा समुद्री किडा बाहेर आला. त्याच सुमारास जपानात शिराहामाच्या बंदरात एका तराफ्याच्या फ्लोटमध्ये जवळजवळ तीन मीटरचा निघाला. न्यूकीच्या आरोपीला शिक्षा काय झाली म्हणाल? त्याचं नाव बॅरी ठेवलं आणि त्याला स्वतंत्र टाकी दिली. खरे गुन्हेगार असेच सुटतात, हे मी आपल्याला सांगायला नको.

बॉबिटच्या डोक्यावर पाच मिशा असतात, अंगावर इंद्रधनुष्यी झळाळी असते आणि जबडे असे की सावज मधोमध तुटावं. आपल्या घराण्यात जबडाच नाही. मऊ घसा बाहेर काढून आपण पुढ्यातलं ओरबाडून आत ओढता. पोहणारा मासा पकडायला आपण जाणार कशाने? पण बचावाचा हा मुद्दा कोणी ऐकून घेतला नाही.

मी मात्र आपल्याला ओळखतो. रात्री दोन-अडीचला मला उठावंच लागतं, वयाचा भाग. टॉर्चवर लाल जिलेटिन लावलं की आपल्याला उजेड कळत नाही. आधी गुलाबी डोकं येतं, मग बोटभर अंग, मग वीतभर. दोन्ही अंगांना पांढऱ्या केसांचे झुबके, काचेवर नख वाजलं की ते एकदम फुलतात. काल आपण फ्लेकचा एक तुकडा धरलात, तो भोकापेक्षा मोठा निघाला, तर तो सोडायचं नाव न घेता आपण तीनदा आडवा-उभा फिरवलात. चिकाटी मानली.

मयत माशाचंही मी पाहिलं होतं. आधीचे काही दिवस तो पंपाच्या धारेखाली धापा टाकत होता, अंगावर पांढरे ठिपके होते. नवा मासा महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवावा, मग यात सोडावा, असं प्रत्येक जाणकार सांगतो. पण चिरंजीवांना पाहुण्यांना दाखवायची घाई. हा पुरावा माझ्याकडे आहे, पण या घरात मला साक्षीला बोलवत नाहीत.

अटकेचा पहिला प्रयत्न चिरंजीवांनी उघड्या हाताने केला. आपले ते केस म्हणजे चुन्याच्या ठिसूळ सुया, मोडून कातडीत राहतात. सूनबाईंनी सेलोटेप चिकटवून ओरबाडून काढल्या, वर व्हिनेगर लावलं. दोन दिवस चिरंजीवांचं बोट आणि मोबाइल यांची फारकत होती. आपण घरावर केलेला हा उपकार मी विसरणार नाही.

आता पुढचे बेत ऐका. चिमट्याने धरून कापायचं ठरत होतं. तुकडे झाले तर आपल्यातल्या काहींचा एकेक तुकडा नवं डोकं, नवी शेपटी काढून वेगळा संसार थाटतो, असं मी सांगितलं तेव्हा ते बारगळलं. औषध घालून सगळ्यांना एकदम संपवायचं, तर दगडाच्या पोटात सडून अमोनिया वाढणार आणि उरलेले मासेही आपल्या मागोमाग. सहा पट्ट्यांचा रॅस मासा आणू म्हणतात, तो लहानांना खाईल, आपल्यासारख्या थोरांना नाही. टाकीत टाकायचं अन्न निम्मं करा, महिन्या-दोन महिन्यांत यांची लोकसंख्या आपोआप आटोक्यात येईल, असं मी सुचवलं. पण त्यात काहीच विकत घ्यावं लागत नाही, म्हणून तो उपाय पटला नाही. अजूनही दिवसात तीन वेळा चिरंजीव अन्नाची चिमूट सोडतात, चौथ्यांदा नातू मूठ सोडतो.

एक गोष्ट जपून सांगतो. आपण ज्या दगडात राहता तो मेलेल्या प्रवाळाचा सांगाडा. दगडी प्रवाळ २००१ पासून आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. आपल्या समुद्रातून ते तोडणं, विकणं गुन्हा आहे. दुकानदार म्हणाला, 'इंपोर्टेड आहे, काका.' कागद मागितले तर 'एस्टिमेट' छापलेली चिठ्ठी दिली, तिच्यावर 'दगड, ११ किलो' एवढंच. हा दगड कुठल्या पाण्यातून उचलला, कोणी उचलला, हे पाहणारे फक्त आपण. आपण आरोपी नव्हेत, साक्षीदार आहात. साक्षीदाराला संपवायची एवढी घाई का असते, हे मी चाळीस वर्षं कोर्टात पाहिलं आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक सेवानिवृत्त शिरस्तेदार

ता. क. आज रात्री वाळूत एक बाटली ठेवणार आहेत, निळ्या झाकणाची, बाजूला भोकं पाडलेली. आत कोळंबी आहे. ती फ्रीजमध्ये गुरुवारपासून होती, खाण्यालायक नाही. पोरांनाही सांगून ठेवा.