सात बहिणी, आठ बक्कलं

आमचे साडू पुण्याहून बुलेटवर गोव्याला येतात ते देवासाठी, असं घरी सांगून. समुद्र म्हटलं की आमची मेव्हणी मागे बसायला तयार होते. देऊळ म्हटलं की नारळाचे पैसे हातावर ठेवून मोकळी होते. मग मागे बसायला मी.

यंदाचा बेत होता 'सात बहिणी, एक दिवस'. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण. पुढची नावं गावागणिक बदलतात, म्हणून आकडा भरायला साडूंनी पेडण्याची भगवतीही बहिणींत घेतली. तिला विचारलं नाही.

साडूंचा पोशाख पानिपतावर निघाल्यासारखा. गुडघ्यांवर ढाली, पाठीला कवच, पायांत पोटरीपर्यंतचे बूट. एकेका बुटाला चार बक्कलं, आत चेन, वर पट्टा. पेडण्याला भगवतीच्या दारातल्या दगडी हत्तीशेजारी बसून त्यांनी पहिलं बक्कल उघडलं. मी दर्शन घेतलं, प्रदक्षिणा घातली, तीर्थ घेऊन बाहेर आलो. साडू डाव्या पायाच्या चेनशी झटत होते.

दर्शन दोन मिनिटांचं, बूट वीस मिनिटांचे. मोरजीपासून ते देवळाची पारख पायरीवरून करू लागले. "बैठक उत्तम आहे," एवढाच अभिप्राय. तोवर भोवती माणसं जमत. साडू शिवकालीन काही सांगायला तोंड उघडत, तर प्रश्न येई, "पात्रांव, मायलेज कितलें?"

म्हापशाला मात्र साडूंना साक्षात्कार झाला. मिलाग्रीसच्या चर्चमध्ये बूट काढावे लागत नाहीत! लईराई आणि सायबीण या बहिणी, त्यांच्यात तेल आणि मोगऱ्याची देवघेव चालते, हिंदूही इथं तेल वाहतात, हे मी सांगत होतो. साडू मेणबत्ती लावून अर्धा तास डोळे मिटून बसले. "सगळ्यांत समजूतदार बहीण," म्हणाले.

शिरगावला पोचलो भर दुपारी. वैशाखातल्या जत्रेत इथले धोंड, म्हणजे देवीचे भक्त, व्रत पाळून निखाऱ्यांवरून अनवाणी जातात. साडूंनी मोजेही काढले आणि तापलेल्या फरशीवर जे काही केलं ते व्रतात बसणारं नव्हतं. एक आजी हळहळल्या, "पाय भाजले मरे पुताचे!"

शेवटी डिचोलीच्या बाजारात त्यांनी रबरी चपला घेतल्या. बूट लेगगार्डला लटकवले, तोरणासारखे. आता बघा म्हणाले. आणि खरंच, नार्व्याच्या सप्तकोटेश्वराला साडू माझ्याआधी गाभाऱ्यापाशी! नदीपलीकडच्या दिवाडीवर पोर्तुगिजांनी देऊळ उद्ध्वस्त केल्यावर हा देव इकडे आला आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. दिवसभर तोंडात अडकलेलं हे वाक्य साडूंनी पुजाऱ्यांना ऐकवलं. पुजारी आपल्याच देवळाची माहिती शांतपणे ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "गाडी बरी आसा. मायलेज कितलें?"

तेवढ्यात धक्क्यावरून फेरीबोटीचा भोंगा वाजला. साडू धावले आणि पायरीवरच उजव्या चपलेचा अंगठा तुटला. अनवाणी गाडी चालवणं त्यांच्या क्लबच्या नियमात बसत नाही. ते पायरीवर बसले, लेगगार्डवरून बूट काढला, पाय घातला, पहिलं बक्कल लावलं.

सहाव्या बक्कलाला फेरी दिवाडीला लागली होती.