बिल्लेवाले अण्णा

सातपैकी कुठल्याही रस्त्यानं या, सोलापूरच्या सात रस्ता चौकातल्या टपरीवर अण्णा भेटणारच. नोकरी बँकेत झाली, जीव मात्र फौजेत अडकलेला. महायुद्धातल्या शिपायांच्या गळ्यातले ओळखीचे बिल्ले जमवायचे हा त्यांचा छंद, आणि ते खोटे ठरवायचे हा त्याहून मोठा. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी घड्याळजीचं भिंग.

"गोष्ट जेवढी झकास, बिल्ला तेवढा खोटा. लिहून ठेवा की ओ!" हे त्यांचं ब्रह्मवाक्य.

पुण्याच्या जुन्या बाजारात एकानं त्यांच्यापुढं हिरवा अष्टकोनी बिल्ला धरला. "इटलीत पडलेल्या मराठा जवानाचा, साहेब." अण्णा गोड हसले. "१९१६ पासून बिल्ले दोन असायचे. माणूस पडला की लाल गोल काढून कचेरीत पाठवायचे, हिरवा देहाबरोबर राहायचा. मग हा काय इटलीहून चालत आला काय ओ?"

दुसऱ्याकडं पहिल्या महायुद्धातला बिल्ला, त्यावर 'फिफ्थ मराठा लाइट इन्फन्ट्री'. अण्णा म्हणाले, "पलटणीला हे नाव पडलं १९२२ ला. लढाई संपली १९१८ ला. जवान ज्योतिषी होता काय बे?"

अक्षरांची ओळ सरळ दिसली की त्यांच्या कपाळाला आठी पडते. एकेक अक्षर ठशावर हातोडी मारून उमटवलेलं, त्यातलं एखादं तरी वाकडं हवंच. मग बिल्ला नाकाशी नेऊन वास घेतात, "चहात बुडवून जुना केलाय" असा निकाल देतात आणि स्वतःच्या चहाचा घोट घेतात.

भिंग एकदा हाती आलं की बिल्ल्यांवर थांबत नाही. शेंगाचटणी उखळातली की मिक्सरमधली, चादर मागावरची की कुठली, सगळ्याची चौकशी होते. मुलीसाठी आलेल्या स्थळाची पदवीसुद्धा त्यांनी भिंगाखाली धरली होती. लग्न झालं, पण व्याही अजून जपूनच बोलतात.

एवढी पारख, तर घरात खजिना असेल म्हणून एकदा बघायला गेलो. खरे बिल्ले बिस्किटाच्या एका डब्यात मावले. खोट्यांचं मात्र पोतं होतं, आणि सगळे पैसे मोजून घेतलेले!

"खोटं माहीत असून घेतलंत?"

"बाजारात राहिलं असतं तर दुसरा कुणी फसला असता की ओ."

आतून काकू म्हणाल्या, "पोतं उचलायला हमाल लागतो, तो मात्र खरे पैसे मागतो."