पहाटे साडेतीनची हजेरी

आमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे. हे घरात सगळ्यांना ठाऊक असल्याने त्याचा कुणालाही उपयोग होत नाही. जो तो मनातल्या मनात दहा वजा करतो आणि नेहमीप्रमाणे उशिरा निघतो. फसतात फक्त पाहुणे.

ऑफिसातली व्हर्च्युअल मशिन्स जुन्या यंत्रणेतून केव्हीएमवर हलवायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा असाच एक पाहुणा मी नव्या घरात आणून बसवला.

कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर नाण्याएवढ्या बॅटरीवर चालणारं एक घड्याळ असतं. व्हर्च्युअल मशीनपुढे त्याचं निदान सोंग तरी आणावं लागतं. या घड्याळाला नुसते आकडे कळतात. ते ग्रिनिचचे की आपले, हे ज्याने त्याने गृहीत धरायचं. लिनक्स सहसा ते यूटीसी समजून साडेपाच तास मिळवतं. विंडोज मात्र डॉसच्या काळापासूनच्या सवयीने, दिसेल ती स्थानिक वेळ मानतं. सवयीला नावं कशाला ठेवा? १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईत ३९ मिनिटं मागे असलेला बॉम्बे टाइम १९५५ पर्यंत टिकून होता.

नव्या मशीनच्या फाइलमध्ये घड्याळाची एकच ओळ असते: यूटीसी की लोकलटाइम. शनिवारी रात्री दोन वाजता ती मी वाचली नाही.

हजेरीचा सर्व्हर विंडोजचा. सोमवारी नऊला टेकलेले अंगठे पहाटे साडेतीनला उमटले आणि संध्याकाळी सहाचे दुपारी साडेबाराला. नऊ तास भरले होते, पण पाळीतले साडेतीनच. सॉफ्टवेअरने त्रेचाळीस जणांचा अर्धा दिवस कापला.

घाबरून मी सगळ्याच मशिन्सना लोकलटाइम लावला. मेलचा सर्व्हर लिनक्सचा, तो साडेपाच तास पुढे पळाला. त्यावरचं एनटीपी चुकलेली वेळ दुरुस्त करतं खरं, पण फरक १००० सेकंदांच्या वर गेला की हात जोडून बंद पडतं. तेवढ्यात दुपारी चारला पाठवलेल्या माझ्या मेलवर रात्रीचे साडेनऊ पडले. साहेबांनी सर्वांदेखत माझ्या कष्टाळूपणाचं कौतुक केलं. ते मी मुकाट्याने स्वीकारलं.

इकडे मी खुलासा करायच्या आत एचआरच्या मॅडमनी चौकशी सुरू केली होती. रात्रपाळीचे वॉचमनकाका केबिनमध्ये उभे. पहाटे साडेतीनला त्रेचाळीस माणसं गेटातून आत आली आणि वहीत एकाचीही नोंद नाही, हे कसं?

काकांनी यादीवरून नजर फिरवली. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा छताकडे.

"आले ना मॅडम," ते म्हणाले, "मीच तर गेट उघडलं सगळ्यांना. वही तेवढी भरायची राहिली."