ग्रुप सोडला म्हणे!

आव माय, ऐकलं का? भाऊबंदकीच्या ग्रुपमधून एक काका बाहेर पडले म्हणे! बांधावरून कोर्टात गेलेले भाऊ आमच्याकडे पंगतीला शेजारी बसतात, त्याची चर्चा दोन दिवसांत विरते. पण ‘लेफ्ट’ची ती राखाडी ओळ दिसली की जळगावपासून धुळ्यापर्यंत, आणि तिथून थेट सुरतेच्या उधन्यापर्यंत फोन खणखणतात. कोण काय बोललं? आहेराचा विषय होता का? शेवटी कळतं, काकांचा अंगठा चुकून लागला होता. तोवर तीन घरांनी अबोला धरलेला असतो.

हे तर काहीच नाही. हिवाळ्यातली भरीत पार्टी बघा. बामणोदची टपोरी वांगी, कपाशीच्या काड्यांचा जाळ, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात. शेतात जमायचं ते एवढ्याचसाठी. पण आता वांगं भाजताना एक व्हिडिओ, सोलताना दुसरा, आणि ठेचणाऱ्याला हुकूम : “थांब भो, परत ठेच, नीट आलं नाही.” भरीत करायला आलेला माणूस नट होऊन घरी जातो. केळीच्या पानावर वाढलं की हात आधी खिशात. कळण्याची पुरी गार! मग सगळे माना खाली घालून बघतात काय, तर शेजारच्या मळ्यातल्या भरीत पार्टीचं स्टेटस. त्यांचं भरीत जास्त झणझणीत दिसतंय, यावर मात्र तिथल्या तिथे एकमत.

आता कोणी म्हणेल, हे आजचं खूळ. छे! साने गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरच्या प्रताप हायस्कूलात होते, तेव्हा वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं दैनिक हातानं लिहून काढत. मुलं हाकेच्या अंतरावर, तरी लिहून कळवायचं! फरक इतकाच, की गुरुजींनी पहाटे पाचला सगळ्या जिल्ह्याला गुलाबाचं फूल पाठवलं नाही. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ 1927 पासून जुनी दप्तरं सांभाळतंय. आमच्या पिढीचं दप्तर सांभाळायची वेळ आली, तर नुसत्या ‘शुभ सकाळ’साठी वेगळी इमारत बांधावी लागेल.

म्हणून फोन फेकून द्या म्हणाल, तर रावेर-यावलचा केळीवाला तुम्हाला बांधावर उभं करणार नाही. बऱ्हाणपूरचा भाव मोबाईलवर कळला नाही, तर व्यापारी सांगेल तो खरा. सुरतेला कामाला गेलेल्या लेकाचं तोंड आईला रोज दिसतं, तेही याच डबड्यात. लांबच्या माणसासाठी त्याची गरज आहे, नक्कीच आहे. बोंब आहे ती मांडीला मांडी लावून बसलेल्याची. त्याला ‘जेवला का?’ विचारायलाही आता रेंज लागते.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं 2022 मध्ये यावर भोंगा काढला. संध्याकाळी 7 वाजता तो वाजला की दीड तास टीव्ही बंद, मोबाईल बंद. आपल्याकडेही वाजू द्या की! फक्त सरपंचांनो, एवढी कृपा करा : भोंग्याचं उद्घाटन फेसबुकवर लाइव्ह दाखवू नका.