तेहतीस मोठे की पंचेचाळीस?

इंजिनिअरिंग कॉलेजात थर्मोडायनॅमिक्सला 'थर्मो' म्हणतात. लाड तेवढ्यावरच संपतात. पहिलाच प्रश्न भोळा वाटावा असा: २७ अंश सेल्सिअसच्या कोरड्या हवेची विशिष्ट एन्थाल्पी, म्हणजे दर किलोमागची ऊर्जेची शिल्लक, किती? एक विद्यार्थी वायूंच्या तक्त्यात ३०० केल्विनसमोर बोट ठेवून सांगतो, किलोला ३००.१९ किलोज्यूल. शेजारचा २७ ला १.००५ नं गुणतो आणि २७ च्या आसपास उत्तर काढतो. सर दोघांनाही बरोबरची खूण देतात. वर्गाचा विज्ञानावरचा विश्वास उडतो तो इथं.

पहिल्यानं मोजायला सुरुवात केली निरपेक्ष शून्यापासून, दुसऱ्यानं बर्फ वितळतो तिथपासून. एन्थाल्पीचा एकटा आकडा काही बोलत नाही, दोन आकड्यांतला फरक बोलतो. मात्र एक आकडा या तक्त्यातून आणि दुसरा त्या चार्टवरून उचलायचा नाही. उचलला तरी उत्तर येतंच, तेही तीन दशांश स्थळांपर्यंत!

पण कोरडी हवा असते पुस्तकात. खिडकीतून येते ती दमट, आणि तिच्या खात्यात दोन रकमा असतात. तापमानाची रक्कम किरकोळ, अंशामागे जेमतेम एक किलोज्यूल. वाफेची मात्र सावकारी: एक किलो वाफ म्हणजे २५०१ किलोज्यूल, वर तिच्या तापमानाचं थोडं व्याज.

हे खातं मे महिन्यात दादरच्या एखाद्या घरी उघडावं. बाहेर ३३ अंश, आर्द्रता ७० टक्के. नागपूरहून मामा आलेले. यजमान टॉवेलनं मान पुसत "काय उकडतंय!" म्हणतात, आणि मामा गरजतात, "अबे, तेहतीसले गर्मी म्हन्ते का कोनी? आमच्याकडं पंचेचाळीस हाय!"

मामांचा थर्मामीटर खरा आहे, निष्कर्ष नाही. नागपूरची ४५ अंशांची हवा १० टक्के आर्द्रतेची धरली, तर एन्थाल्पी भरते किलोमागे सुमारे ६१ किलोज्यूल. दादरची? सुमारे ९१. बारा अंशांनी थंड असलेली हवा दीडपट श्रीमंत निघते, कारण तिच्या दर किलोत २२ ग्रॅम वाफ दडलेली असते.

म्हणूनच मामांचा कूलर नागपुरात राजा असतो. ओल्या ताट्यांतून जाताना हवेची एन्थाल्पी जवळजवळ तेवढीच राहते; तापमानाच्या खात्यातली रक्कम वाफेच्या खात्यात वळती होते, एवढंच. चांगला कूलर ४५ ची हवा २६-२७ वर आणू शकतो. तोच मुंबईत आणला तर २८ च्या खाली जायला त्याला वावच नसतो, आणि खोलीत बसलेली माणसं पापडांसारखी सादळतात. मामांना हे पटत नाही. ते पंप बिघडला असेल म्हणतात.

वाफेचं हे प्रकरण ज्यानं गांभीर्यानं घेतलं तो विलिस कॅरियर. १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी या पंचविशीतल्या इंजिनिअरनं हवा आटोक्यात ठेवणारी यंत्रणा आखली. माणसांना घाम फुटत होता म्हणून नव्हे. दमट हवेत कागद फुगायचा आणि एका रंगावर दुसरा रंग नीट बसायचा नाही, म्हणून. कामगारांचा गारवा हा कागदाच्या लाडाचा जोडफायदा.

यजमानांनी शेवटी एसी लावला. दादरची एक किलो बाहेरची हवा २४ अंश आणि ५० टक्क्यांवर आणायची, तर सुमारे ४३ किलोज्यूल काढून घ्यावे लागतात. त्यातले गार करण्यासाठी फक्त नऊ-दहा. उरलेले ३३ जातात वाफेचं पाणी करण्यात, किलोमागे १३ ग्रॅम. विजेच्या पैशांनी गाळलेलं ते पाणी नळीतून थेंबथेंब खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या चादरींवर पडतं, आणि पुढचं सगळं गणित सोसायटीच्या सेक्रेटरीकडं जातं.